बाटलीतून चालणारा उजेड

तो व्हिडिओ मला अप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी दाखवला. चिंताकी गावातल्या आमच्या घरी मी ज्वारी निवडत बसले होते. मोबाईल माझ्या तोंडापुढं धरून ते म्हणाले, "हे बघ, उजेड चालायलाय!"

पाण्याच्या बाटलीत प्रकाशाचा एक गोळा बुडाकडून झाकणाकडे सावकाश सरकत होता. सेकंदाचे लाख कोटी तुकडे करून टिपणारा कॅमेरा होता तो. मी सूप बाजूला सारलं आणि अप्पांना सगळं समजावून सांगत सुटले. उदगीरला बी.एस्सी.ला असताना काळे पडदे ओढून आम्ही लेसरचा किरण भिंतीवर पाडायचो. पुढं लग्न ठरलं, एम.एस्सी. राहिली. त्यानंतर इतकं मी कुणाशी बोललेच नव्हते.

अप्पा म्हणाले, "बिदरला ह्याच्यावर भाषण हाय म्हणं. चल, जाऊ."

बिदरमधल्या मैलूर भागातल्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. कॉलेजची मुलं खिडक्यांत बसलेली, बाया लेकरं घेऊन आलेल्या. बोलणारी बाई बंगळूरच्या प्रयोगशाळेतली, माझ्याच वयाची. कन्नडमधून सोपं करून सांगत होती. पडद्यावर उजेड चालायला लागला तशा शिट्ट्या पडल्या, आणि नेमकी लाईट गेली. तरी कुणी उठेना. मग ती बाई मंचावरून खाली उतरली. म्हणाली, "आता तुम्हीच प्रकाश व्हा. शेजाऱ्याचा हात खाली आला की आपला वर करायचा." रांगांमधून हात उठत गेले. अप्पांनी वर केलेला हात खाली घ्यायचं राहूनच गेलं, सगळे हसले, तेही हसले.

त्या हसण्यात मला धीर आला. मी उठून विचारलं, "हे सगळे फोटो एकाच किरणाचे आहेत, की दर वेळी नवा किरण सोडला?"

ती म्हणाली, "ह्या व्हिडिओत दर वेळी नवा. तुकडे नंतर जोडलेत. एकाच किरणाचं चित्र घेणारे कॅमेरे पुढं आले." मग म्हणाली, "तुम्ही कुठं शिकवता?"

"कुठंच नाही," मी म्हणाले आणि खाली बसले. निघताना तिनं मला गाठून प्रयोगशाळा बघायला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये अप्पांनी विचारलं, "गप कामून हाईस?"

"मला असलं काम करायचं होतं, अप्पा."

बाहेरची तूर बघायचं सोडून ते माझ्याकडं वळले. "कधी बोललीस न्हाई की बाई."

"कुणी विचारलंच न्हाई."

"मंग आता विचारायलोय. लेकरांकडं मी बघतो."

आता मी औरादला एका शाळेत विज्ञान शिकवते. अप्पांनीच पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यासाठी तयार केलं. भिंग हातात घेऊन वर्गात उभी राहिले की बरं वाटतं, पण तेवढ्यानं भागत नाही. बंगळूरला अजून गेले नाही. सुट्टी लागली की अप्पा विचारतात, "जायलीस का औंदा?" जाईन, म्हणते मी. ते यंत्र एकदा जवळून पाहिलं तर तिथून पाय निघेल का, ह्याचीच धास्ती वाटते.