चिलमीबाहेरचा नायक

पडदा वर जातो. समोर एक कडुलिंब आहे, त्याच्याखाली शेणानं सारवलेला ओटा, आणि ओट्यावर अर्धवर्तुळात बसलेले सात म्हातारे. उजेड डावीकडून येतो, कारण सूर्य तिकडून उगवला होता आणि आमच्याकडं उजेडाची दुसरी सोय नव्हती. मधोमध खाटेवर पिवळ्या पागोट्यातला जो उंच माणूस बसला आहे, तो फुलसिंग नायक. मानोऱ्यापासून चार कोसांवरच्या या तांड्याचा प्रमुख. वय पासष्टच्या आसपास. नक्की आकडा त्याला माहीत नव्हता आणि विचारण्याची इतरांची हिंमत नव्हती.

साल १९५४, पौष महिना. मी तेव्हा एका फिरत्या नाटक मंडळीत राण्यांची कामं करत असे. आमच्या छकड्याचं चाक तांड्याच्या वेशीवर मोडलं आणि गॅसबत्तीची जाळीही त्याच धक्क्यानं गेली. चाक नीट होईपर्यंत आम्हा सहा जणांना नायकानं ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि बदल्यात भरदुपारी खेळ करायला लावला. प्रेक्षक दोनच प्रकारचे होते, म्हातारे आणि लहान मुलं. मधल्या वयाचं सगळं माणूस दिवाळीनंतर कापसाची सरकी काढायच्या जिनिंगवर कामाला गेलेलं. ते होळीला परतायचं. तोवर पोरं आजा-आजीच्या कुशीत निजत.

माझा दुसऱ्या अंकातला विलाप त्या काळी बराच गाजलेला होता. पण त्या दुपारी मी "हे नाथ!" म्हणून हात वर केला की पहिल्या रांगेतून नायक खोकायचा. खोल, लांब, तीन टप्प्यांचा खोकला. मी थांबायचो, तो थांबायचा. मी परत "हे नाथ!" म्हणायचो. शेवटी माझ्या नाथानं विलापाविनाच मरण पत्करलं.

या तांड्यात दिवस चिलमीनं सुरू होई. चिलमीच्या तोंडाला ओलं फडकं गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. छापी सगळ्यांना एकच. पहिला झुरका नायकाचा, मग चिलीम उजवीकडं फिरे. ज्याच्या हातात ती येई तो तांड्यातला. ज्यानं काही गुन्हा केला असेल त्याला तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, चिलमीबाहेर काढी. चिलीम त्याच्या पुढून निघून जाई, मग त्याच्याशी ना बोलणं ना पाणी. फुलसिंगनं आयुष्यात अकरा जणांना असं बाहेर बसवलं होतं. त्यांतले दोघे पुन्हा कधी दिसले नाहीत.

आमच्या मुक्कामात अकोल्याहून एक जीप आली. मुलांच्या हाताला क्षयाच्या तपासणीची सुई टोचायची, तीन दिवसांनी येऊन फोड किती उठला ते पाहायचं, असं त्या मंडळींचं काम होतं. नायकाचा नातू सेवादास चार वर्षांचा. त्याचा फोड सुपारीएवढा उठला. डॉक्टरांनी तो पट्टीनं मोजला आणि नायकाच्या बायकोला, हिरीबाईला विचारलं, "घरात कोणी खोकतं का?"

"कोणी नाई," हिरीबाई म्हणाली.

मागं खाटेवर नायक खोकला. तिन्ही टप्पे पूर्ण झाले. डॉक्टर वाट पाहत उभे राहिले.

"मग हे?"

"थे त नायक हायेत."

"पण ते खोकतात ना?"

"खोकतातच! म्हातारं माणूस खोकलं नाई त का करन? तरणं खोकलं त बिमारी, म्हातारं खोकलं त वय."

रामसिंग कारभारी, म्हणजे तांड्यातला नायकाखालोखालचा माणूस, मदतीला धावला. "डाक्टरसाहेब, आमी त याच्या खोकल्यावर उठतो. कोंबड्यापरीस भरोशाचा हाय. कोंबडं एखांद्या दिवशी चुकते."

डॉक्टरांनी नायकाला वाशीमच्या दवाखान्यात बोलावलं. नायक कोणाच्या बोलावण्यावर जाणारा नव्हता, पण नातवाच्या हातावरचा फोड त्यानं स्वतः बोटानं चाचपून पाहिला होता. मलाही गॅसबत्तीची जाळी आणायची होती. आम्ही दोघं निघालो. थुंकी तपासायला दिली आणि दोन दिवस धर्मशाळेत काढले. तिथं तो मला सगळ्यांदेखत "राणी" म्हणून हाक मारी. धर्मशाळेचा व्यवस्थापक माझ्याकडं पाही, काही विचारत नसे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, क्षय आहे. तो बहुतेक तरुणपणीच छातीत शिरला असेल आणि निजून राहिला असेल. वय झालं, अंग थकलं की उठतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा खोकला आधी तपासायचा असतो. तुमच्याकडं तो शेवटी तपासतात."

"शेवटी बी नाई तपासत," नायक म्हणाला. "शेवटी जाळतात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मानोऱ्याच्या कंपाउंडरकडं सुया, घरी गोळ्या, दीड वर्ष. निजायचं एकट्यानं, उघड्या हवेत. थुंकायचं झाकणाच्या डब्यात, आणि डब्यातली थुंकी जाळून पुरायची. नातवालाही गोळ्या, तो बरा होईल. पण त्याला कुशीत घ्यायचं नाही.

"हे सगळं करतो," नायक म्हणाला. "चिलमीचं का?"

"ती कोणाबरोबर ओढायची नाही. एकट्यानंही नाही."

"दीड साल?"

"कायमची."

नायक इतका वेळ गप्प राहिला, की मी सवयीनं मागं वळून पाहिलं. अशा वेळी आमच्याकडं विंगेतून कोणीतरी पुढचं वाक्य सांगतं.

परतताना तो एवढंच बोलला. "राणी, पोराले वाचवाचं त चिलीम सोडा लागते. चिलीम सोडली त तांडा सुटते."

"मग सगळ्यांना सांगा ना, आजार आहे म्हणून."

"सांगतो. आयकन कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिलीम भरून त्याच्यापुढं आली. त्यानं हात मांडीवरून हलवला नाही.

"मले खयरोग झाला. डाक्टरनं मना केलं," तो म्हणाला आणि खोकला.

"मंग? मी बी खोकतो," पहिला म्हातारा म्हणाला.

"मी त तुयाआंधीपासून खोकून राह्यलो," दुसरा म्हणाला. त्यांच्यात कोण आधीपासून खोकतो यावर थोडा वाद झाला.

नायकानं ओढल्याशिवाय चिलीम पुढं कोणी ओढेना. ती हातोहाती फिरून कोणाच्याही ओठाला न लागता विझली. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवसापर्यंत तांड्याला उलगडा झाला होता. नायकानं वाशीमला काही तरी पाप केलं आणि खोकल्याआड लपवलं. कोणी म्हणे नको त्याच्या ताटात जेवला, कोणी म्हणे वाशीमला त्याच्याबरोबर एक राणी होती. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण माझी दाढी वाढलेली असूनही कोणाचं समाधान झालं नाही.

रामसिंगनं नसाब बोलावली. तोच फिर्यादी. अडचण एकच होती. नसाब नायकाशिवाय बसत नसे, आणि आरोपी नायकच होता.

"दोनी कामं मीच करतो," फुलसिंग म्हणाला.

मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली. कपडे न बदलता, रंग न लावता दोन भूमिका एवढ्या स्वच्छ वठवलेल्या मी दुसऱ्या कोणाकडून पाहिल्या नाहीत. खाटेवर बसला की तो नायक. उठून चार पावलं पुढं आला, पागोटं काढून हातात घेतलं, की आरोपी.

खाटेवरून त्यानं विचारलं, "फिर्याद का हाय?"

"नायक चिलीम घेत नाई," रामसिंग म्हणाला. "यानं आमाले बाहेर टाकलं, का हा सोता बाहेर गेला? एक काई तरी सांगा."

"आरोपीनं सांगावं."

तो उठला, समोर आला, पागोटं काढलं. "तीन सालापासून खोकून राह्यलो. कोणाले सांगतलं नाई. नातवाले छातीशी घेऊन निजलो. त्याच्या हाताले फोड आला. माया गुन्हा एवढा."

परत जाऊन बसला. पागोटं घातलं. "असं काहून केलं?"

उठला. "मले वाटलं, वय हाय."

बसला. "हे कारण चालत नाई."

हिरीबाई दारात उभी होती. सेवादास तिच्या घागऱ्याला धरून होता.

मग नायकानं निकाल दिला. आरोपीनं दीड साल तांड्याबाहेर पळसाखाली राहावं. त्याची खाट वेगळी, लोटा वेगळा, ताट वेगळं. नातवानं वीस पावलांच्या आत येऊ नये. चिलीम बंद. वाशीमच्या डॉक्टरांनी जे कागदावर लिहून दिलं होतं, ते सगळं त्यात आलं होतं. फक्त आता ते औषधपाणी राहिलं नव्हतं, शिक्षा झालं होतं. आणि शिक्षा हा तांड्याला समजणारा, मान्य असणारा विषय होता. रामसिंगनं समाधानानं मान डोलावली.

"अजून एक," नायक म्हणाला. "ज्याचा खोकला एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत राह्यला, त्याचा बी हाच गुन्हा. त्यानं वाशीमले जाऊन थुंकी दाखवावी. तोवर चिलमीबाहेर."

बाकीचे सहा जण श्वास धरून बसले. मला आठवतं, एक कावळा मात्र ओरडत होता. मग पहिल्याचा श्वास सुटला, तो खोकला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा, चौथा.

"मी नाई खोकत," रामसिंग म्हणाला.

"नाई. तुई छाती ढोलावाणी हाय," नायक म्हणाला. "आजचं सांगून राह्यलो."

ते चौघे वाशीमला गेले. एकाला क्षय निघाला. पळसाखाली दहा हात अंतरावर दुसरी खाट आली.

आमचं चाक नीट झालं आणि आम्ही पुढं गेलो. पण त्या बाजूला गेलो की मी पळसाकडं वाकडी वाट करीत असे. सेवादास वीस पावलांवरच्या दगडावर बसे आणि आजा त्याला ओरडून गोष्ट सांगे. ती सगळ्या तांड्याला ऐकू जाई. त्यामुळं नायकानं गोष्टीतून शेजाऱ्यांची नावं काढून टाकली होती. मानोऱ्याची एकही सुई त्यानं चुकवली नाही. कंपाउंडर चुकला तर हा त्याच्या दारात बसून राही.

पण पहिल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा तो पळसाखाली घोंगडी पांघरून भिजत बसला होता. खोकला गेला होता. डॉक्टरांनी आता घरात निजायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं.

"मग जा ना घरात," मी म्हणालो.

"दीड साल सांगतलं होतं," तो म्हणाला. "नायकाचा फैसला हाय. मी कोण बदलवणारा?" मग तांड्याकडं पाहत म्हणाला, "राणी, थ्या अकरा जणांले मी असंच बसवलं होतं ना? कोणाच्या डोक्यावर छप्पर हाय का, हे बी पाह्यलं नाई."

राणीला त्या प्रवेशात वाक्य नव्हतं.

दीड वर्षानं रामसिंग चिलीम भरून त्याला घ्यायला आला. नायकानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि न ओढता उजवीकडं दिली. तांडा विचारात पडला.

"कपाळाले लागली म्हणजे घेतली," रामसिंग शेवटी म्हणाला, आणि पुढच्यानं झुरका मारला. तेव्हापासून त्या तांड्यात ज्याला ओढायची नसेल तो चिलीम कपाळाला लावी आणि तांड्यातला राही.

१९५९ च्या फाल्गुनात निरोप आला म्हणून मी गेलो. नायक खाटेला खिळला होता. मानोऱ्याला नव्यानं आलेल्या डॉक्टरांनी छाती तपासली, ती स्वच्छ होती. पोटानं अन्न घेणं सोडलं होतं, आणि या वेळी ते खरोखर वयच होतं. दोन दिवस तो बोलला नव्हता. नऊ वर्षांचा सेवादास त्याचे पाय दाबत होता. उशाशी रामसिंग होता. त्यानं पागोट्याचं टोक तोंडात धरलेलं, आणि घडीघडी उठून तो शेळ्यांच्या गोठ्यामागं जाऊन येई. मला वाटलं, रडायला जातो. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रामसिंग त्यानंतर बारा वर्षं जगला. ते कशामुळं, हे मी पाहिलं आहे.

डॉक्टर निघाले. दाराशी थांबून, त्या दिवसांत ते प्रत्येक घरी विचारत तसं, सवयीनं त्यांनी विचारलं, "घरात कोणी खोकतं का?"

"कोणी ना..." हिरीबाईनं सुरुवात केली.

नायकानं डोळे उघडले. बोट वर केलं. ते बोट हवेत थोडं हललं, मग उशाशी बसलेल्या माणसाकडं वळून थांबलं.

"रामसिंगले इचारा. दोन अमावास्या झाल्या."