काठाशी धरलेली परखनळी

ढुंढिराज पुराणिकांना कुणी काम विचारलं तर ते सांगत, "रक्त धुतो." ऐकणारा दचके. पण ते अक्षरशः खरं होतं. वाराणसीतल्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं ते सशाचं रक्त मिठाच्या पाण्यात धुऊन त्यातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढत. पंचगंगा घाटाजवळच्या घरी पूजा उरकून हा माणूस दहाच्या ठोक्याला हजर. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे साहेब, मात्र साडेअकराला.

१९९७च्या मे महिन्यात त्यांच्या नावाला पहिल्यांदा बट्टा लागला.

मधुवंती ही घरोब्यातली मुलगी तिथं पीएच.डी. करत होती, पू करणाऱ्या एका जंतूच्या विषावर. विष मोठं कावेबाज. त्याचे सुटे कण पेशीच्या पातळ आवरणावर येऊन बसतात, सात जण मिळून फेर धरतात आणि मग प्रत्येकजण आपला एकेक पाय आवरणातून खाली सोडतो. झालं आरपार भोक. पाणी आत शिरतं, पेशी फुटते, परखनळीतलं पाणी लालभडक होतं. बर्फात मात्र कण नुसते चिकटून बसतात. मधुवंतीला ते आधी बर्फात चिकटवून, मग ऊब देऊन, भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. पण तिच्या नळ्या ऊब देण्याआधीच लाल होत.

"ढुंढी, तेरी धुलाई में कसर है," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मधुवंतीला त्यांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर विषय बदलायचा. म्हणजे तिची दोन वर्षं पाण्यात.

ढुंढिराजांना अन्न गोड लागेना. त्यांनी पेशी पुन्हा धुतल्या आणि विष न घालता दिवसभर ठेवल्या. एक फुटेल तर शपथ. मग स्वतःच्या हातानं विष घालून बर्फात ठेवल्या. तरीही नळ्या शांत. त्याच पेशी, तेच विष, मधुवंतीकडे मात्र लाल. शुक्रवारी ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातांकडे बघत राहिले.

ती घडीघडी नळी बर्फातून काढी, मुठीत धरून उजेडात न्याहाळी आणि परत ठेवी. ढुंढिराज नळी काठाशी दोन बोटांच्या चिमटीत धरत. त्यांच्या घरी पूजेचं भांडं असंच उचलायची शिस्त होती आणि या सोवळ्याची प्रयोगशाळेत सगळे टिंगल करत, मधुवंतीसुद्धा.

"मधू, मूठ सोड," ते म्हणाले. "तुझ्या हाताची गर्मी लागतेय त्यांना. एकदा फेर धरला की मग बर्फात ठेवून काय फायदा?"

"इतकीशी गर्मी, काका?" तिनं विचारलं, पण नव्या नळ्या भरून चिमटीत धरल्या. तासभर एकही लाल झाली नाही. मग कोमट पाण्यात सोडल्या, घड्याळ लावलं, आणि बघता बघता रंग चढला.

शनिवारी साहेबांनी वही पाहिली, "हं" म्हणाले आणि चहा मागवला. धुलाईबद्दल अवाक्षर नाही. असल्या माफीनं कुणाचं पोट भरतं?

पुढच्या वर्षी प्रबंध बांधून आला. मधुवंतीनं त्यातली एक ओळ मराठी करून वाचली: नळी काठाशीच धरावी, हे मिस्टर ढुंढिराज पुराणिक यांनी दाखवून दिलं.

"'यांनी' लिहिलंयस?" त्यांनी विचारलं.

"इंग्रजीत 'यांनी' नसतं, काका. म्हणून 'मिस्टर' लावलं."

"साहेबांनी बघितलं हे?"

"वाचून सही केलीय."

ज्या साहेबांनी इतकी वर्षं 'ढुंढी'खेरीज हाक मारली नव्हती, त्यांनी या 'मिस्टर'ला सही दिली होती. ढुंढिराजांनी ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली, या वेळी जरा सावकाश.