तिने केलेली जमीन

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या धाकट्या मुलीने गेम इंजिन लिहायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. विरोध करायला आधी कळावं लागतं. "गेममधला माणूस जमिनीवर टिकतो ना बाबा, तो का टिकतो ते मी लिहिते." मिस्त्री म्हणाले, "म्हणजे माझंच काम. फक्त गुडघे दुखत नाहीत."

कंपनीने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. इंजिनच्या टीममध्ये कायमची जागा एकच होती, आणि ती देणं टीमच्या प्रमुखाच्या हाती. त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. वय अडतीस.

सगळ्यांकडे रंगीत दिव्यांचे महागडे संगणक होते. हिने स्टोअररूममधला जुना उचलून आणला.

"अगं, हा संगणक की इस्त्री?" शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"खेळणाऱ्यांकडे असलेच असतात."

या इस्त्रीवर तिला दिसलं ते असं : गेममधला नायक कुठे आहे याचं मोजमाप मंद संगणक तुरळक घेतो. एका मोजमापात नायक जमिनीच्या वर, पुढच्यात खाली. मधल्या काळात जमिनीला काही कळतच नाही. तिने उपाय लिहिला. संगणक कितीही रडका असो, हिशेब ठरावीक बारीक पावलांनीच करायचा. आजोबांनी तो पाच आठवडे "बघू" या सदरात ठेवला. त्यांच्या संगणकावर कुणीच पडत नव्हतं.

मुदत संपायला एकोणीस दिवस असताना गेम विकत घेणाऱ्या बाई आल्या, स्वतःचा जुनाट लॅपटॉप घेऊन. नायकाने झोकात उडी मारली आणि जमिनीतून आरपार पाताळात गेला.

"हा कुठे गेला?" बाईंनी सभ्यपणे विचारलं.

आजोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते तिच्याकडे वळले. "ते तुझं... आहे ना?"

"आहे. तुमच्याकडेच."

दहा मिनिटांत ते बसवलं. नायकाने उडी मारली. उतरला. बाईंनी त्याला छपरावरून, पुलावरून, डोंगरावरून उड्या मारायला लावल्या. माणूस दर वेळी दोन्ही पायांवर.

"कुणी केलं हे?"

"हिने," आजोबा म्हणाले. "आमच्या टीममधली आहे."

"अजून नाहीये," तिने सुधारलं. "एकोणीस दिवस आहेत."

"आहेस म्हणतोय ना! खाली बस."

ती बसली नाही. उभ्यानेच तिने बाईंना सांगितलं, "आता त्याला विमानातून टाकून बघा."