गडमुडशिंगीचं मतदान आणि हिरावैनींचा उखाणा

एका घरातली सगळी मतं एकाच चिन्हावर पडत असतील, तर त्याला एकी म्हणायचं की धाक? राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर, तरी मला याचं उत्तर देता येत नाही. पुस्तकातला मतदार एकटा असतो. आमच्या शिवाजी पेठेत मतं घरागणिक मोजतात. गावाकडं कसं असतं ते बघावं म्हणून, गडमुडशिंगीला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी मी निघालेच. कॉलेजातली मैत्रीण शालन तिथलीच, त्यामुळं मुक्कामाची काळजी नव्हती.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची एस.टी. धरा. दुपारच्या गाडीत बाजार करून परतणाऱ्यांच्या पाट्या असतात आणि पाय ठेवायला जागा मिळत नाही. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये धुळीचा रस्ता. तिकिटाला फारसं काही पडत नाही. केस मात्र घरी आल्यावर धुवावे लागतात. शेजारच्या आजोबांना मी विचारलं, "यंदा कुणाचं पॅनेल येईल?"

"पावणं, त्ये आमच्या भावकीला इचारा. मी नुसता शिक्का मारतोय."

शालनच्या घरी गरम भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. भाकरी थापत होत्या तिच्या हिरावैनी. त्यांचे यजमान मिलिटरीत, वर्षातून एकदा येणारे. मागच्या निवडणुकीत वैनी मत न देताच परतल्या होत्या. यादीत एकाच भावकीतल्या तीन हिराबाई पाटील. मतदान केंद्रावरचा साहेब नवऱ्याचं नाव विचारतो, आणि नवऱ्याचं नाव बाई घेणार कशी? ते काम आत आपल्या पॅनेलचे प्रतिनिधी म्हणून बसलेले चुलत सासरे करतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. भरवशाच्या सुना आल्या की तात्या नाव सांगतात.

"माझ्या टायमाला खिडकीतनं भाईर बघत बसलं," वैनी म्हणाल्या. "मागल्या गल्लीला नळ आणणाऱ्यांकडं माझा ओढा हाय, त्यास्नी ठावं की."

मी उत्साहानं म्हटलं, "मग सरळ नाव घ्या ना! त्यात काय एवढं?"

"तुझं लगीन झाल्यावर तू घे, आमी बघाय येतो."

"चिठ्ठीवर लिहून देऊ?"

"आन् तात्या म्हणंल, चिठ्ठी चालत न्हाय." वैनींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्या स्वतःशीच हसल्या. "हळदीकुंकवाला चारचौघींत घेतोयच की नाव. शाळा काय त्येच्याहून मोठी हाय?"

सकाळी शाळेसमोर बायकांची रांग व्हरांड्याच्याही बाहेर आली होती. मला आत जायची मुभा नव्हती. मी कुंपणाशी लिंबाखाली थांबले. वैनी आत गेल्या. साहेबांचा आवाज आला, "हिराबाई पाटील, कुणाच्या?" तात्या पुन्हा खिडकीबाहेर बघताहेत, एवढं मला लांबूनही दिसलं. आता परत येतात की काय!

आणि वैनींचा खणखणीत आवाज अख्ख्या शाळेत घुमला:

"विहिरीच्या पाण्यावर ऊस झाला हिरवागार,
मारुतरावांची मी बायको, मत माझं मी देणार!"

रांगेत हशा पिकला. तात्या घाईनं म्हणाले, "व्हय व्हय सायब, आमचीच हाय ती."

"आता कशाला तात्या? सायबास्नी कळलं की!"

त्यानंतर आणखी चौघींनी उखाणे घेतले. शेवटी साहेब काकुळतीला आले, "बायांनो, छोटे घ्या हो, लाईन मोठी आहे."

मी मोजणीपर्यंत थांबले. पॅनेल तात्यांचंच आलं. मला वाटलं वैनी खट्टू होतील. त्या मात्र मला एस.टी.त बसवताना ताकाची बाटली हातात देत म्हणाल्या, "पडलं तर पडलं. मोजलं तर खरं!"

पुढच्या वेळी ते मत पडणारच नाही, हे तात्यांना आता धरून चालता येणार नाही. परतीच्या वाटेवर मी तेवढ्यावर खूश होते.

घरी आले तर आमच्याच नगरपालिकेच्या निवडणुकीची गडबड. तालमीचे वस्ताद दर वेळी गल्लीतली मतं धरतात आणि वडील न विचारताच मान हलवतात: आमच्या घरची सगळी. यंदा मतदानाला लागणारी एकवीस वर्षं मला पूर्ण झाली, म्हणून ती चाराची पाच झाली. माझं मत त्यांत धरू नका, असं वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते सुतारकामाचा रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, वस्तादास्नी काय वाटंल?"

"विचारूनच येते," म्हटलं.

काल संध्याकाळी तालमीत गेले. बायका तिथं आत जात नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली. "वस्ताद, आमच्या घरची यंदा चार धरा."

"का गं, कोण गावाला चाललंय?"

"कुणी नाही. पाचवं माझं आहे."