डोळे आखणारा हात

रंजनाताई पुन्हा ऑक्सिजनवर. ओठ निळसर, छातीत शिट्ट्या वाजतायत, आणि दम्याची गोळी घेता का विचारलं की मान हलवून सांगतात, घेते.

"घेत नाहीये ती," आमचे अधीक्षक राउंडला म्हणाले. "नॉन-कम्प्लायंट आहे. नवऱ्याला बोलवा आणि चांगलं झापा."

नॉन-कम्प्लायंट म्हणजे डॉक्टरचं न ऐकणारा पेशंट. आमच्याकडे हा शब्द पडला की चौकशी संपली. मला मात्र राहवेना. ही बाई कामावर धुळीसाठी मास्क लावते, बोलावलं की तपासणीला येते, मग नेमकी गोळीच का टाळते? तीही दरवर्षी गणपतीच्या तोंडावरच?

त्या घरी गेल्यावर एक दिवस संध्याकाळी घरी जायची रोह्याची गाडी पकडण्याआधी मी वाट वाकडी केली आणि त्या कामाला होत्या त्या कारखान्यात गेले. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचाच. रंजनाताई आखणीला बसल्या होत्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बारीक ब्रशने त्यांनी भुवईची रेघ अशी काही ओढली, की मी बघतच राहिले.

"ताई, आज गोळी घेतली?"

त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

"ओरडणार नाही. खरं सांगा."

"नाय घेतली. घेतली का हात कापतो, मॅडम. डोळा वाकडा गेला तर देवाचं तोंडच बदलतं. शेठ मंग मला आखणीवरून उठवून मूर्ती घासायला बसवतील. इतकी वर्षं हात बसवला, तो काय घासायला?"

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, काम सोड."

अरे देवा! हात थरथरणं हा त्या गोळीचा नेहमीचा दुष्परिणाम. पुस्तकात तो किरकोळ म्हणून दिलाय. किरकोळ कोणासाठी, ते दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काम सोडू दे."

"सर, तिला श्वास हवाय तो याच कामासाठी."

त्यांनी केसपेपर माझ्याकडे सरकवला. "बरं, बघा काय करता येतंय ते."

गोळी बंद केली. त्याऐवजी रोज ओढायचा पंप दिला. त्याने हात कापत नाही, पण गुण यायला वेळ लागतो. अचानक दम लागला तर घ्यायचा पंप वेगळा. त्याने थोडा वेळ हात हलतो. तो मात्र टाळायचा नाही, इथे मी हट्टी आहे.

"आणि हात हलला तर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा."

"तवर पितांबर रंगवीन. तिथं मोठा ब्रश चालतो. शेठना मीच सांगते."

त्या हंगामात रंजनाताई ॲडमिट झाल्या नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मात्र शेठचा फोन आला.

"मॅडम, ही बाई दम लागला म्हणून पंप घेऊन बसलीय. शेवटच्या मूर्तीचे डोळेच ऱ्हायलेत, नि गिऱ्हाईक दारात उभं हाय!"

"श्वास कसा आहे?" मी आधी विचारलं.

"श्वास बरा हाय आता. हात हलतोय."

"मग गिऱ्हाईकाला चहा द्या."

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला औषध देताना विचारते, याने तुमचं काही अडेल का? ओपीडीची रांग थोडी लांबते. लांबू दे.