थेरपिस्ट मॅडमना यात्रेचं आमंत्रण

यात्रेच्या आधीच्या गुरुवारी पप्पांनी माझ्या थेरपिस्ट मॅडमना थेट जेवायला बोलावलं... आणि तिथून पुढे माझं जे डोकं फिरलंय, ते आज लिहून मोकळी होते.

थोडं मागचं सांगते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. पदवी हातात आली, सगळ्या गल्लीत पेढे वाटून झाले आणि मी अंथरूण धरलं.

इंटरव्ह्यूचं नाव काढलं की हात बधीर, घसा बंद. जेवण नको, माणसं नकोत. डॉक्टरांनी नैराश्य आणि अँक्झायटी आहे म्हणून सांगितलं, गोळ्या सुरू केल्या आणि जोडीला सायकोडायनॅमिक थेरपी सुचवली.

म्हणजे दर गुरुवारी, ठरलेल्या वेळी बसून बोलायचं. आपण मनात काय दाबून ठेवलंय आणि ते आजच्या नात्यांत पुन्हा पुन्हा कसं डोकं वर काढतं, हे हळूहळू समजून घ्यायचं.

आता हे ‘हळूहळू’ आमच्या घरात कुणालाच झेपत नाही. पप्पा कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. तिथे ओतलेला प्रत्येक भाग, म्हणजे ‘जॉब’, एक तर पास, नाहीतर रिजेक्ट. गुरुवारी सुट्टी असते म्हणून तेच मला गाडीवरून कोल्हापूरला नेतात आणि परत येताना दर वेळी विचारतात, "मग? किती टक्के फरक हाय?"

दहावीपासून माझे टक्केच ऐकत आलेत ते... काय सांगू त्यांना? रडायला आलं तो दिवस चांगला की वाईट, हे मलाच कळत नाही!

तर त्या गुरुवारी सेशन संपलं आणि पप्पा दारातच उभे. "मॅडम, ऐतवारी आमच्या गावची यात्रा हाय. घरच्यास्नी घिऊन यायचं. न्हाई म्हणायचं न्हाई."

मॅडमनी हात जोडून आभार मानले आणि येता येणार नाही म्हणाल्या. पप्पांना वाटलं, संकोच करतायत. "मटण चालत न्हाई व्हय? पुरणपोळ्या करतो की!" मॅडमचं उत्तर तेच. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

थेरपीतलं नातं त्या खोलीपुरतंच राहावं म्हणून त्या पेशंटच्या घरी जात नाहीत. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आमच्याकडे यात्रेच्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी पावण्यालाही हाताला धरून पंगतीला बसवतात. तिथे हे कसं समजावणार?

घरी येऊन मी एवढंच विचारलं, "त्या आल्या असत्या, तर पाहुण्यांना ओळख काय करून देणार होता?"

"तुझ्या क्लासच्या मॅडम म्हणून! दुसरं काय सांगायचं?"

हो... सगळ्या गावाला मी गुरुवारी क्लासला जाते. मी आजारी आहे हे लपवायचं आणि बरं करणाऱ्या बाईला मात्र जेवायला बोलवायचं. धन्य!

यात्रा झाली, पाहुणे गेले, तरी पप्पांचा राग काही जाईना. "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय त्यास्नी? जी बाई आमच्यात जेवत न्हाई, ती आमच्या पोरीचं मन काय वळखणार? ह्या गुरुवारी शेवटचं. पुढं जायचं न्हाई." नेहमीप्रमाणे मी मान खाली घातली. हात बधीर.

आणि त्या गुरुवारी मी मॅडमवरच भडकले. "एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं तुमचं? आता माझं येणंच बंद होतंय!" इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. वाटलं, संपलं... आता याच मला येऊ नको म्हणणार.

त्या चिडल्या नाहीत, स्वतःची बाजूही मांडली नाही. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "असंच अजून कुणाला बोलावंसं वाटतं?"

उत्तर आम्हा दोघींना माहीत होतं. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी, याच वेळी." मी एवढी भांडले, तरी त्यांचा गुरुवार माझाच होता.

त्याच संध्याकाळी पप्पांसमोर उभी राहिले. "मी जाणार आहे. आणि क्लास म्हणायचं नाही, दवाखाना म्हणायचं." आवाज कापत होता. पण हात बधीर झाले नाहीत.

पप्पा आईकडे वळले. "बघ की! बोलून बोलून हेच शिकवलं बाईनं. पोरगी उलटं बोलाय लागली."

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, वरीसभर पोरीनं हूं का चूं न्हाई केलं. आता भांडाय लागलीया. गुण आला म्हणायचा की!"



काल गुरुवार होता. मी तयार होऊन बाहेर आले तर गाडी दारात चालूच. समोरून शेजारच्या काकू डेअरीला दूध घालायला निघालेल्या. "काय गं, क्लासला व्हय?"

माझ्या आधी पप्पाच बोलले. "क्लास न्हाई वयनी, दवाखाना. पोरीचं मन आजारी हाय. उपचार चालू हायती."

काकू किटली घेऊन तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "आगं बया... मग जेवून तरी निघालीस न्हवं?"

बस्स. एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

येताना पप्पांनी टक्के विचारले नाहीत. फक्त गाव जवळ आल्यावर म्हणाले, "पुढच्या यात्रेला मॅडमना परत सांगणार बघ मी." मी मागच्या सीटवर कपाळाला हात लावला!

ही थेरपी सगळ्यांनाच लागू पडेल असं मी म्हणणार नाही, माझ्या गोळ्याही अजून चालू आहेत. पण जिथे मला रागावता आलं त्या खोलीचे, आणि गल्लीत मोठ्यानं ‘दवाखाना’ म्हणणाऱ्या माझ्या हट्टी बापाचे... मनापासून आभार.