तबकातला सुवेझ

इटलीने हबशांच्या मुलखावर चढाई केली त्या साली, दिवाळीनंतर, ते युद्ध किती वाढवायचं हे रत्नागिरीत आमच्या बैठकीच्या खोलीत ठरत होतं. लंडनमध्येही कुणी त्याचा विचार करत असेल; पण तिथे मामंजी नव्हते.

मामंजी वकील. त्यांच्या जोडीला म्युनिसिपालिटीचे एक मेंबर आणि एक पेन्शनर मामलेदार. मुंबईची वर्तमानपत्रं बोटीने शिळी होऊन यायची, ती वाचून तिघे रोज चारच्या ठोक्याला बसत. मसलत गुप्त, म्हणून दार लोटलेलं असे. आवाज मात्र रस्त्यावर ऐकू जाई. चहा मी माजघराच्या दाराशी ठेवायची. सुनेने पुरुषांत जायचं नाही, पण फटीतून पाहायला कुणाची ना नव्हती.

पानाचं तबक हा नकाशा. सुपाऱ्या म्हणजे इटलीची फौज, लवंगा हबशी, अडकित्ता इंग्रजांचं आरमार. चुन्याची आणि काताची डबी यांच्या मधोमध कागदाची लांबट पांढरी घडी ठेवलेली असे, तो सुवेझचा कालवा. कालवा झकास जमला होता. मला कौतुकच वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

"कालवा बंद करा म्हणून लाटसाहेबांना तार ठोकू," मेंबर म्हणत. बंदररस्त्यावर चार कंदील लावायचा ठराव त्यांना तीन वर्षांत पास करून घेता आला नव्हता.

"म्हणजे इंग्लंड लढाईत ओढलं जाईल," मामलेदार म्हणत. त्यांना आपल्या पेन्शनीची धास्ती.

"जाऊ दे की!" मामंजी म्हणाले. "बुडतील दोन-चार बोटी. त्याशिवाय इंग्रजाचं रक्त तापायचं नाही."

मागीलदारी भांड्यांचा आवाज थांबला. आमच्याकडे भांडी घासायला किनाऱ्यावरच्या वाडीतली एक बाई यायची. तिचा नवरा बोटीवर आगवाला, भट्टीत कोळसा घालायचा, आणि त्याची बोट त्याच कालव्यातून ये-जा करायची. तो बोटीवर गेल्यावर मुलगी झाली. ती आता घरभर धावत होती, पण बापाने तिला पाहिलं नव्हतं. मागच्या पत्रात त्याने कळवलं होतं, की दिवाळीनंतर बोट चार दिवस मुंबईला लागेल, तारीख पुढच्या पत्रात लिहितो, पोरीला घेऊन धक्क्यावर ये. तिने गाठोडं बांधूनच ठेवलं होतं: कुळथाचं पीठ, आमसुलं, मुलीचं नवं झबलं. पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, कारण ती मी वाचून दाखवायची.

"वैनी, तो कालवा बंद झाला तं आमचा मानूस कुठनं येनार वो?"

"काही बंद होत नाही," मी म्हटलं. "यांना स्वतःचं तोंड बंद ठेवता येत नाही, कालवा कसला बंद करतात!"

ती हसली. मग तिचा रोजचा प्रश्न, "कागद आला काय?" मी रोज सकाळी मामंजींना विचारायची. आलं असतं तर दिलं नसतं का, असं ते डोकं वर न करता म्हणायचे.

आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी ती स्वतःच पोस्टात जाऊन आली. पोस्टमन म्हणाला, पत्र मागच्याच आठवड्यात वकीलसाहेबांच्या हातात दिलंय.

मी तडक बैठकीत गेले. मी तबकातली ती घडी उचलून उलगडली. न फोडलेलं पाकीट, कोपऱ्याला चुना, वर तिचं नाव.

"अगं, तो कालवा आहे," मामंजी म्हणाले.

मी तिथेच पाकीट फोडलं. आतल्या तारखांप्रमाणे बोट आदल्याच दिवशी मुंबईहून सुटली होती. मला त्या तिघांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. आठ दिवस मी ती घडी फटीतून पाहत होते.

तार शेवटी गेलीच नाही. मामलेदार सही करेनात. मामंजींनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची पट्टी कापून नवा कालवा केला. सुवेझमधून बोटी चालूच राहिल्या.

पाकीट फोडलं त्याच दिवशी मी तिला पत्र मागीलदारी वाचून दाखवलं. 'धक्क्यावर उभी रहा, मी वरून बघेन,' असं शेवटी लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

"चारी दिस बघत असंल वो तो," ती म्हणाली. मग खाली बसली आणि त्या तिघांच्या कपबश्या घासायला घेतल्या.